रक्ताची पत्रिका

तुळशीचे लग्न लागले की आमच्या पूर्व विदर्भात लग्नाची बोलणी सुरू होतात. दिवाळीच्या फराळाचे डबे अजून रिकामे व्हावयाचे असतात, तोच मामा, मावसे, आत्याचे यजमान अशी मध्यस्थ मंडळी घरोघर फिरू लागतात. पूर्वी त्यांच्या पिशवीत पत्रिका असत. नाडी, गण आणि मंगळ यांचा हिशेब मांडून ही मंडळी मुलीचे भवितव्य ठरवीत. अलीकडे काही वर्षांत त्या पिशवीत आणखी एक कागद येऊन बसला आहे. तो दवाखान्यातून येतो. त्यावर शिक्का असतो आणि 'सिकलसेल' या शब्दापुढे काहीतरी लिहिलेले असते. पुष्कळांना याचा आनंद वाटतो. मंगळ गेला, विज्ञान आले! मला मात्र तो आनंद वाटत नाही. मंगळ कोठेही गेलेला नाही. त्याने फक्त डॉक्टरचा पांढरा कोट अंगात चढविला आहे.

ज्या विद्येच्या नावाने हा कागद नाचविला जातो त्या विद्येने असे काही सांगितलेलेच नाही, हे मला आज म्हणावयाचे आहे. त्यासाठी एका माणसाचे चरित्र मी आपल्यापुढे ठेवतो. आमच्याकडे क्रिकेटपटूंची चरित्रे पोरांना तोंडपाठ असतात, नटनट्यांच्या घरातील कुत्र्यांची नावेही आपल्याला ठाऊक असतात, पण डॉ. युएत वाय कान हे नाव शंभरात एकालाही माहीत नसेल.

कान यांचा जन्म १९३६ साली हाँगकाँगला झाला. वडील बँक ऑफ ईस्ट एशियाच्या संस्थापकांपैकी एक. तेव्हा घरात पैशाची ददात नव्हती. हाँगकाँग विद्यापीठातून १९५८ साली ते डॉक्टर झाले आणि पुढे शिकण्यासाठी अमेरिकेस गेले. तेथे व्हर्नन इन्ग्रॅम यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काही काळ काम केले. हे इन्ग्रॅम म्हणजे सिकलसेलचे मूळ शोधणारे गृहस्थ. निरोग्याचे हिमोग्लोबिन आणि सिकलच्या रोग्याचे हिमोग्लोबिन यांत फरक आहे तो फक्त एका दुव्याचा, हे त्यांनी १९५६-५७ साली दाखवून दिले. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येऊन बसते, एवढेच. एवढ्याने लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि पोर हातपाय धरून रात्रभर कण्हत राहते. १९७२ साली कान सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि पुढील सारे नामांकित काम त्यांनी तेथेच केले.

त्यांच्या जन्मभूमीकडे, म्हणजे हाँगकाँग आणि दक्षिण चीन या भागात, अल्फा थॅलेसेमिया नावाचा एक भयंकर प्रकार आढळतो. त्याच्या सर्वांत तीव्र रूपात मूल पोटात असतानाच सुजते आणि पोटातच किंवा जन्मतः लगेच दगावते. आईच्या जिवालाही धोका असतो. या मुलांत हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीची जनुके बिघडलेली नसतात, ती मुळी जागेवरच नसतात, पानच फाटून गेलेले असते, हे कान यांच्या गटाने १९७४ साली दाखविले. ब्रिटनमधील एका गटानेही त्याच वर्षी तेच दाखविले.

आता खरी युक्ती पुढे आहे, आणि ती दिवाळीच्या दिवसांत सांगण्याजोगी आहे. रक्ताचा आजार ओळखावयाचा तर गर्भाचे रक्तच हवे, असे तोवर सारे समजत. कान यांनी स्वतः तो मार्ग चोखाळला होता. बीटा थॅलेसेमियाची भीती असलेल्या एका गर्भाचे निदान तशा रीतीने केल्याचा त्यांचा निबंध १९७५ साली प्रसिद्ध झाला. पण गर्भाचे रक्त काढावयाचे म्हणजे सुई वारेपर्यंत न्यावयाची. त्यात मूल गमावण्याची भीती लहान नव्हती. कान यांनी विचार केला तो असा : हिमोग्लोबिन तयार होते फक्त रक्ताच्या घरात, पण ते कसे तयार करावे याची कृती शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत लिहिलेली असते. चकल्या एकाच घरी तळल्या जात असतील. परंतु कृतीचा कागद आळीतल्या घराघरांत असेल, तर कागदातली चूक शोधण्यासाठी कढईपाशी जाण्याचे कारण नाही. गर्भाभोवतीच्या पाण्यात त्याच्या कातडीच्या पेशी तरंगत असतात. त्या घ्याव्या, वाढवाव्या आणि त्यांत अल्फाचे पान आहे की फाटले आहे ते पाहावे. मिचेल गोल्बस आणि आंद्रे डोझी यांच्या साहाय्याने कान यांनी हे करून दाखविले व १९७६ साली प्रसिद्ध केले. न जन्मलेल्या मुलाच्या आजाराचे डीएनएवरून झालेले जगातील हे पहिले निदान.

सिकलचे प्रकरण याहून कठीण होते. तेथे पान फाटलेले नाही, कोट्यवधी अक्षरांच्या पोथीत एक अक्षर चुकलेले आहे. कान आणि डोझी यांनी जिवाणूंपासून मिळणारी एक रासायनिक कात्री घेतली. ती ठराविक अक्षरे दिसली की तेथेच डीएनए कापते. बहुतेकांत बीटा जनुकाचा तुकडा ७,६०० अक्षरांचा निघे. सिकलच्या पुष्कळ रोग्यांत तो १३,००० अक्षरांचा निघाला. लांबीचा आजाराशी काही संबंध नव्हता. ती नुसती शेजारची खूण होती. पण वडाच्या झाडावरून घर सापडावे तसे त्या खुणेवरून जनुक सापडले. हे १९७८ साल. माणसाच्या आनुवंशिक आजारांची जनुके शोधण्यासाठी पुढे जगभर ज्या खुणा वापरल्या गेल्या, त्यांतली ही पहिली. चुकलेले अक्षरच थेट दाखविणारी तपासणीही १९८२ साली कान यांच्या प्रयोगशाळेतून आली. त्यांना १९९१ साली लास्कर आणि २००४ साली शॉ अशी मोठी पारितोषिके मिळाली. पुढे वयाची पंचाहत्तरी उलटल्यावरही थॅलेसेमियाच्या रोग्यांच्या पेशींतले चुकलेले अक्षर दुरुस्त करण्याच्या प्रयोगांत हा गृहस्थ गुंतलेलाच होता.

या उद्योगाचा रोख कोणीकडे होता ते आता पाहा. ही मुलगी लग्नाला योग्य की अयोग्य, हा प्रश्न या तपासण्यांत कोठेही नाही. प्रश्न आहे तो असा : या जोडप्याच्या या खेपेच्या गर्भाचे काय? दोष कोणा एका माणसात नाही, तो दोघांच्या बेरजेत आहे. आणि ती बेरीज दर खेपेला नव्याने मांडावयाची आहे.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, तरी ही बेरीज मला फळ्यावर मांडता येते आणि आठवीच्या पोरांना ती दहा मिनिटांत कळते. चार खणांची चौकट काढावयाची. आईबापांपैकी एक वाहक, म्हणजे आमच्याकडे ज्याला 'एएस' म्हणतात तो, आणि दुसरा निरोगी असेल, तर अर्धी मुले वाहक निघण्याचा संभव. सिकलचा रोगी एकही नाही. दोघेही वाहक असतील, तर दर खेपेला चारांत एक संभव रोग्याचा, म्हणजे 'एसएस'चा. वाहक स्वतः रोगी नसतो. तो शेतात राबतो, धावतो, म्हातारा होतो. आणि ज्याला आपण 'रक्तातली खोट' म्हणतो तिनेच त्याच्या पूर्वजांना तारले आहे. वाहकाला प्राणघातक हिवताप सहजी मारू शकत नाही, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखविले. ज्या रानात हिवतापाने गावेच्या गावे ओस पाडली, तेथे हे चिलखत अंगात असलेली माणसे तगली, आणि त्यांचे नातू-पणतू आज आमच्यासमोर बाकांवर बसतात.

पण फळ्यावरची चौकट मध्यस्थांच्या पिशवीत शिरत नाही. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी, बारावी होऊन नोकरीला लागलेली, हुशार, तिला तीन ठिकाणांहून नकार आला. तिसऱ्या बैठकीला मी हजर होतो. मुलाचे मामा मोठे सभ्य गृहस्थ. म्हणाले, "गुरुजी, पोरगी चांगली हाये, पण रक्तात खोट हाये ना." मी विचारले, "मुलाचे रक्त तपासले का?" मामांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी मुलाची नथ कोठे आहे असे विचारले. "त्याचं कायले तपासाचं? धडधाकट हाये तो."

वाचकहो, तो मुलगा निरोगी निघाला असता तर या लग्नातून एकही रोगी मूल होण्याचा संभव नव्हता. आणि तो वाहक असेल, तर ही मुलगी सोडून दुसऱ्या वाहक मुलीशी, जिचे रक्त कोणी तपासलेलेच नाही, त्याचे लग्न लागेल आणि धोका जसाच्या तसा राहील. म्हणजे या नकाराने कोणाचेही रक्षण झाले नाही. एका मुलीला फक्त डाग लागला. गणितात इतके नापास झालेले उत्तर मी क्वचितच पाहिले आहे.

हे आमच्याच अडाणीपणामुळे घडते, असे कोणी समजू नये. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाचे एक गाव आहे. तेथे चारांमागे जवळजवळ एक माणूस सिकलचा वाहक. जॉर्ज स्टॅमॅटोयानोपूलोस (हे नाव माझ्या वर्गातील पोरांनी तिसऱ्या प्रयत्नात बिनचूक म्हटले) या रक्तरोगतज्ज्ञाने तेथे सर्वांची तपासणी घडवून आणली. प्रत्येकाला त्याचा निकाल सांगितला आणि वाहकाने वाहकाशी लग्न करू नये असे समजावले. तेथेही लग्ने ठरवूनच होत. काही वर्षांनी पाहणी केली तेव्हा काय दिसले? वाहकांची लग्ने मोडत होती, म्हणून घरोघर निकाल लपविले जात होते. आणि दोन वाहकांची लग्ने मात्र, काहीही न सांगता जितकी झाली असती तितकीच झालेली होती! हे १९७४ साली छापून आलेले आहे. पन्नासांहून अधिक वर्षे झाली, पण ऑर्कोमेनोस आमच्या गावात रोज नव्याने वसते.

अमेरिकेने निराळा गोंधळ घातला. १९७१-७२ च्या सुमारास तेथील काही राज्यांनी सिकलच्या तपासणीचे कायदे घाईने केले. काही ठिकाणी शाळेत जाण्यासाठी, काही ठिकाणी लग्नाच्या परवान्यासाठी. त्या कायद्यांचा रोख काळ्या लोकांवर होता, आणि वाहक व रोगी यांतला भेद पुष्कळांना कळतही नव्हता. तेथील हवाई दलाच्या अकादमीत वाहकाला प्रवेश नव्हता. ती बंदी १९८१ साली उठली. आमच्याकडे हा आजार अधिक आहे तो आदिवासी आणि दलित वस्त्यांत. तेव्हा ज्यांच्या कपाळी आधीच एक शिक्का मारलेला आहे, त्यांच्याच कपाळी दुसरा मारण्यास आपण किती उत्सुक असावे?

उलट बाजूही आहे, आणि तेथे कान यांचे नाव पुन्हा येते. इटलीच्या सार्डिनिया बेटावर बीटा थॅलेसेमिया इतका पसरलेला की अडीचशे जन्मांमागे एक मूल तो घेऊन जन्मत असे. काल्यारी येथील बालरोगतज्ज्ञ अंतोनियो काओ यांनी सत्तरच्या दशकात तेथे काम उभे केले. कान यांच्या गटाने १९८० साली काओ यांच्याबरोबर तेथील कुटुंबांसाठी डीएनएची खूण शोधून दिली. १९८१ साली त्या बेटावरच्या आजाराचे मूळही एकाच अक्षराच्या चुकीत आहे हे उघड केले. पण मला काओ यांची वाखाणणी करावीशी वाटते ती प्रयोगशाळेसाठी नव्हे. त्यांनी कोणावर सक्ती केली नाही आणि कोणी कोणाशी लग्न करावे हे सांगितले नाही. शाळांतून, दवाखान्यांतून, वर्तमानपत्रांतून लोकांना ती चौकट समजावून दिली, आणि जोडप्याने विचारले तर त्यांच्यासाठी तपासणी जवळच तयार ठेवली. पुढे तेथे रोगी मुलांच्या जन्माचे प्रमाण सुमारे चार हजारांत एक इतके उतरले. लग्ने मोडून ते उतरले नाही.

आता आमचे. भारतात सिकलचा पत्ता प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत लागला. नागपूरकडचा निबंध १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले ते १ जुलै २०२३ रोजी, मध्य प्रदेशातील शहडोल येथे. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. लोकांना आपापल्या रक्ताची कार्डे दिली जात आहेत. तपासणीला माझा विरोध नाही. माझ्या वर्गातील प्रत्येक पोराचे रक्त तपासले जावे, आणि मामांच्या भाच्याचे सर्वांआधी. पण एका शाळेत मी पाहिले : रांगेत उभ्या मुलांची नावे मोठ्याने वाचली जात होती आणि नावापुढे 'पॉझिटिव्ह' असे ओरडून सांगितले जात होते. गावात जी पहिली साधी चाचणी करतात ती वाहक आणि रोगी यांतला फरक दाखवूच शकत नाही. त्यासाठी पुढची तपासणी लागते. ती होण्याआधीच त्या दिवशी अकरा-बारा वर्षांच्या मुली माना खाली घालून घरी गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत ती यादी पाणवठ्यावर पोचली होती.

माझे काही सुशिक्षित मित्र म्हणतात, "मास्तर, एवढा वाद कशाला? दोन वाहकांनी लग्न करू नये असा कायदाच करावा, प्रश्न मिटला." ज्या समाजात पाचांत एक माणूस वाहक आहे, तेथल्या तरुणांना तुम्ही कोणाकोणापासून दूर ठेवणार? ज्यांची लग्ने होऊन गेली आहेत, ज्यांचे पहिले मूल रोगी निघाले म्हणून आता दुसऱ्या वेळी भीतीने झोप उडाली आहे, त्यांना हा कायदा काय देणार? कान यांनी जे दिले ते नेमके त्यांना दिले. नको असलेल्या लग्नाला निमित्त मिळावे म्हणून नव्हे, झालेल्या लग्नात मूल हवे असणाऱ्यांना वाट मिळावी म्हणून.

ती वाट सोपी आहे असे मी म्हणत नाही. तपासणीत गर्भ रोगी निघाला तर पुढे काय, हा प्रश्न दिवाळीच्या दिवसांतही टाळता येत नाही. अल्फाच्या त्या तीव्र प्रकारात मूल जगणारच नव्हते. तेथे निर्णय दुःखाचा असला तरी सरळ असतो. सिकलचे तसे नाही. 'एसएस' मुले मी शिकविली आहेत. त्यांच्या वेदना मी पाहिल्या आहेत आणि त्यांची चित्रे, कविता, भांडणेही पाहिली आहेत. लसी, वेळेवर उपचार आणि हायड्रॉक्सियुरियाची स्वस्त गोळी नेमाने मिळाली तर ती मोठी होतात, संसार करतात. नवी जनुक-चिकित्सा २०२३ साली अमेरिकेत मान्य झाली खरी. पण तिची तेथली किंमत २२ लाख डॉलर आहे, तेव्हा ती आमच्या पोरांच्या गावावरूनही जाणार नाही. म्हणून निर्णय ज्याचा त्याने, आणि मुख्यतः आईने घ्यावा. सासऱ्याने नव्हे, सरपंचाने नव्हे, आणि अभियानाचे आकडे भरणाऱ्या बाबूने तर नव्हेच. याच सुईचा उपयोग करून आपण मुली पोटातच हेरल्या, हे विसरून चालणार नाही. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रालाच करावा लागला. देशाचा कायदा १९९४ साली आला. त्या कायद्याने रक्ताच्या या आजारांसाठी गर्भाची तपासणी करण्यास मुभा ठेवली आहे. ती मुभा कोणाच्या उपयोगाची आहे, एवढेच मला विचारावयाचे आहे.

कारण वारेचा तुकडा घेऊन करावयाची तपासणी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात व्हावी लागते. आमच्याकडील बाई तालुक्याच्या दवाखान्यात पहिल्यांदा नाव नोंदविते ती पुष्कळदा चौथ्या-पाचव्या महिन्यात. नवऱ्याचे रक्त तोवर तपासलेले नसते, कारण तो कामावर परगावी गेलेला असतो, किंवा मामांच्या मते धडधाकट असतो. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात या कामाची राष्ट्रीय संस्था आहे, पण परळ आमच्यापासून एक रात्र आणि अर्धा दिवस दूर. चंद्रपूरला या आजारांसाठी संशोधन व नियंत्रण केंद्र २०२२ साली राष्ट्राला अर्पण झाले. ठीक झाले. आता पुढची दिवाळी येईपर्यंत मला दोन गोष्टी कळाव्यात अशी इच्छा आहे. सिरोंचा, भामरागड, धानोरा या तालुक्यांतून किती नवऱ्यांचे रक्त बायकोच्या तिसऱ्या महिन्याच्या आत तपासले गेले. आणि त्यांतल्या किती जोडप्यांना कोणी सरकारी गाडीत बसवून, येण्याजाण्याचा व राहण्याचा खर्च देऊन, वेळेत सुईपर्यंत नेले. वाटलेल्या कार्डांचा आकडा मला कोणी सांगू नये. तो वर्तमानपत्रात छापून येतच असतो.